शुक्रवारी लॅपटॉप जमा करायचा होता : एका आवराआवरीचं प्रकरण

बुधवारी संध्याकाळी पावणेसातला माझ्या फोनवर अँटिव्हायरसचा अलर्ट आला. अकाउंट्समधल्या एका लॅपटॉपवर कुणीतरी 'क्लीनर' जातीचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकायला बघत होतं. तीनदा प्रयत्न झाला आणि ॲडमिनचा पासवर्ड नसल्यामुळे तिन्ही वेळा अडला. लॅपटॉप कुणाचा ते पाहिलं, तर मॅडमचा. शुक्रवार हा त्यांचा शेवटचा दिवस.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीत आयटी बघतो. बघतो म्हणजे सर्व्हर, फायरवॉल, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि 'माउस चालत नाहीये' हे सगळंच. साठेक लॅपटॉप आणि आम्ही दोघं. मॅडम अकाउंट्समध्ये अकरा वर्षं होत्या. हा लॅपटॉप त्यांच्याकडे साडेचार वर्षं होता आणि त्यातली दोन-अडीच वर्षं तो रोज घरी जात-येत होता. त्यांना विचारूनच हे लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि नाव 'मॅडम' एवढंच ठेवलं आहे. ऑफिसात तरी त्यांना दुसरं नाव होतं कुठे!

अलर्ट पाहून मी फोन केला नाही. नोटीस पिरियडमधला माणूस लॅपटॉप आवरतोच. मीही मागची नोकरी सोडताना आवरला होता. उद्या बघू म्हटलं आणि गाडी काढली. ही माझी चूक. त्याच वेळी फोन केला असता तर गुरुवारची सकाळ वाचली असती.

गुरुवारी सव्वानऊला पहिला फोन अकाउंट्समधल्या नव्या मुलाचा. "सर, टू-बी रिकोचा फोल्डर रिकामा दिसतोय. फक्त चालू वर्ष आहे, मागचं काहीच नाही." टू-बी म्हणजे जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येणारं खरेदीवरच्या कराचं विवरण, आणि रिको म्हणजे ते आपल्या पुस्तकांशी जुळवणं. दुसरा फोन दहा मिनिटांनी, मॅडमचा. "अरे, मी लॅपटॉपवरची हिस्टरी काढली तर माझ्या मोबाईलमधली पण गेली. हे कसं काय झालं रे?" दोन्ही फोन एकाच गोष्टीचे होते, हे मला खाली त्यांच्या टेबलाशी गेल्यावर कळलं.

मंगळवारी रात्री काय झालं

मॅडमचा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. त्यानं फोनवरून सांगितलं होतं, की शिफ्ट दाबून डिलीट कर म्हणजे रिसायकल बिनमध्येही जात नाही, क्रोमचा डेटा 'ऑल टाइम' निवडून साफ कर, आणि मग एक क्लीनर टाकून पस्तीस वेळा पुसून घे. मॅडम नेटक्या बाई. सांगितलेलं सगळं त्यांनी क्रमानं केलं.

डेस्कटॉप साफ झाला, डॉक्युमेंट्स साफ झालं. मग त्या वनड्राइव्हच्या, म्हणजे ज्यातल्या फाइली कंपनीच्या क्लाउडवरही असतात त्या फोल्डरात शिरल्या. तिथे 'अकाउंट्स सामाईक' नावाचा फोल्डर होता. त्यात जीएसटीच्या टू-बीचे पुस्तकांशी जुळवलेले तक्ते वर्षावार लावून ठेवले होते, अगदी २०२०-२१ पासून. मॅडमना वाटलं, ही माझ्या लॅपटॉपवरची कॉपी आहे, नव्या मुलाकडे त्याची त्याची असेलच. चालू वर्ष सोडून बाकी सगळं त्यांनी उडवलं.

यात त्यांना मूर्खात काढण्यासारखं काही नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये लॅपटॉपवरचा फोल्डर आणि सामाईक फोल्डरचा शॉर्टकट दिसायला जवळपास सारखेच असतात. बाजूला एक बारीकसं चिन्ह असतं, तेवढाच फरक. शॉर्टकटच काढून टाकला तर मूळ फोल्डरला धक्का लागत नाही. पण त्याच्या आत शिरून फाइली उडवल्या, तर त्या सगळ्यांच्याच उडतात. 'डिलीट केलेल्या फाइली सगळीकडून जातील' अशी सूचना वनड्राइव्ह देतं. मॅडमनी ती पूर्वी कधीतरी 'पुन्हा दाखवू नका' वर टिचकी मारून गप्प केली होती. आपण सगळेच करतो.

शिफ्ट-डिलीटचा इथे काहीच फरक पडत नाही. लॅपटॉपवरच्या रिसायकल बिनमध्ये फाइल गेली नाही, तरी क्लाउडच्या बिनमध्ये जातेच. कंपनीच्या खात्यात ती तिथे ९३ दिवस राहते. त्यामुळे टू-बीचे तक्ते मी वीस मिनिटांत परत आणले. मुलगा खूश झाला, पण मॅडमचा चेहरा उतरला. जीएसटीचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती, त्यांनीच मला सांगितलं. २०२०-२१ च्या रिटर्नची मुदत वाढून २८ फेब्रुवारी २०२२ झाली होती, म्हणजे तो फोल्डर २०२८ च्या फेब्रुवारीपर्यंत लागणार. "आणि हिशेबाची पुस्तकं तर आठ वर्षं," असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला.

मोबाईलचं कोडं सोपं होतं. क्रोममध्ये त्यांचा घरचा जीमेल लॉगइन होता आणि सिंक चालू होतं. सिंक चालू असताना हिस्टरी पुसली की ती नुसती त्या लॅपटॉपवरून न जाता खात्यातूनच जाते, आणि खातं जिथे जिथे आहे तिथून तिथून जाते. मॅडमच्या मोबाईलवर मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी शोधलेली पानं होती, कटऑफची, वसतिगृहांची. ती खुणा करून ठेवली नव्हती, हिस्टरीतूनच उघडायची सवय होती. ती सगळी गेली. ती मात्र मला परत आणता आली नाहीत.

आणि जे जायला हवं होतं ते?

मी त्यांच्यासमोरच क्रोम उघडलं. वर कोपऱ्यात त्यांचा फोटो, तारकर्लीच्या समुद्रावरचा. जीमेल टिचकीसरशी उघडला. मॅडम म्हणाल्या, "अरे, कुकीज पण काढल्या होत्या ना मी!"

काढल्या होत्याच. पण क्रोममध्ये साइन-इन असताना कुकीज काढल्या तर बाकी बहुतेक साइटवरून तुम्ही बाहेर पडता, आणि गूगल खातं तेवढं उघडंच राहतं. तसं त्या खिडकीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की सिंक झालेला डेटा पुसता यावा म्हणून तुम्हाला साइन-इन ठेवलं आहे. म्हणजे पुसण्याच्या सोयीसाठी दार उघडं. आणि सेव्ह केलेल्या पासवर्डांना या झाडूने हातच लावला नव्हता. यादी उघडली तर बँक, वीजबिल, मुलीची शाळा, सासऱ्यांचा मेडिक्लेम, सगळं जागच्या जागी.

मग मी एज, म्हणजे विंडोजबरोबर येणारा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, उघडलं. "ते मी कधी वापरतच नाही," मॅडम म्हणाल्या. पण लॅपटॉप नवा असताना एजने 'क्रोममधून सगळं आणू का' असं विचारलं होतं आणि कुणीतरी, बहुतेक मीच, हो म्हटलं असणार. साडेचार वर्षांपूर्वीचे पासवर्ड तिथे जसेच्या तसे पडलेले. त्यातले निम्मे अजूनही चालू होते, हे मॅडमनी नजर चुकवत सांगितलं.

व्हॉट्सॲप डेस्कटॉप चालूच होतं. डाउनलोड्सकडे त्या गेल्याच नव्हत्या, कारण भाच्याच्या यादीत ते नव्हतं. आणि माणसाचं घर असतं ते डाउनलोड्समध्येच. सगळ्यांची आधार कार्डं, गृहकर्जाचं मंजुरीपत्र, भाडेकरार, सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीचे कागद, मुलीची दहावीची गुणपत्रिका. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून मॅडम निर्धास्त होत्या. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. फाइलवर नाव होतंच, आणि सालाचा अंदाज ऑफिसातल्या कुणालाही बांधता आला असता. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ ला एक पत्रक काढलं होतं, त्यात सायबर कॅफेसारख्या ठिकाणी ई-आधार उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा असंही होतं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं, कारण झेरॉक्स देऊ नका या वाक्याने लोक घाबरले. पुसण्याचा सल्ला मात्र चांगला होता.

पिक्चर्समध्ये 'स्क्रीनशॉट्स' नावाचा फोल्डर निघाला. विंडोज ११ मधलं स्निपिंग टूल प्रत्येक स्क्रीनशॉट आपणहून तिथे ठेवतं. मॅडमना वाटायचं, चिकटवून झालं की संपलं. दोनशेच्या वर चित्रं होती. टॅलीतल्या चुकांची, आणि मध्येच घरच्या बँक खात्याच्या शिलकीची.

शेवटी खालच्या पट्टीवरच्या एक्सेलवर मी राइट-क्लिक केलं. फाइल गेली तरी नाव उरतं ते असं. अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीत तिसऱ्या ओळीवर होतं 'कर्ज ताईकडून घेतलेले'. फाइल मॅडमनी मंगळवारीच उडवली होती. नाव मी वाचलं आणि दुसरीकडे बघितलं. मॅडम काही बोलल्या नाहीत.

थोडक्यात, दोन तास खपून त्यांनी जे पुसलं त्यातलं बरंचसं कंपनीचं किंवा त्यांनाच हवं असलेलं होतं. आणि जे झाकायचं होतं ते तसंच उघड्यावर होतं.

साहेबांचा प्रश्न

अकरा वाजता फायनान्सच्या साहेबांनी बोलावलं. एचआरच्या बाई आधीच बसलेल्या. फोल्डर रिकामा झाल्याचं मुलाने त्यांनाही सांगितलं होतं, आणि मॅडम तळेगावच्या ज्या कंपनीत चालल्या होत्या ती आमच्याच दोन गिऱ्हाइकांना माल देते. साहेबांनी सरळ विचारलं, "काही लपवतायत का?"

इथे मला दोन्हीकडून विचार करावा लागला. कागदावर बघितलं तर दिसत होतं ते असं : नोटीस पिरियड, रात्री साडेदहाची वेळ, जीएसटीचे तक्ते डिलीट, दुसऱ्या दिवशी पुसण्याचं सॉफ्टवेअर टाकायचे तीन प्रयत्न. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती नष्ट करणं किंवा पुसणं याला लागू होतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम ६६, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एचआरच्या बाईंनी कलमांचे आकडे लिहून घेतले, ते मला आवडलं नाही. सगळा जोर त्या 'हेतू' शब्दावर आहे, हे मी दोनदा सांगितलं.

हेतू लॉगमध्ये दिसत नसतो, पण क्रम दिसतो. मी तोच काढून दाखवला. डिलीट व्हायच्या आधी त्या फाइली कुठे कॉपी झाल्या नव्हत्या, बाहेर मेल गेला नव्हता, पेनड्राइव्ह तर आमच्याकडे बंदच आहे. फाइली उडाल्या त्या वरून खाली, वर्णानुक्रमाने, म्हणजे निवडून नाही तर झाडू मारल्यासारख्या. चोरी करणारा आधी नेतो, मग पुसतो. इथे नेण्याचं पाऊलच नव्हतं. साहेबांना ते पटलं. म्हणाले, "तू बस त्यांच्यासोबत आणि नीट करून घे. मला यादी पाठव."

मॅडमना मी हे नंतर सांगितलं तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला कंपनीपासून काही लपवायचं नव्हतं रे. हा लॅपटॉप पुढे त्या पोरालाच देणार ना तुम्ही? त्यानं माझे फोटो उघडून बसावं, हे नको होतं."

भीती एवढीच होती. आणि ती खरी होती, कारण आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीपर्यंत लॅपटॉप नुसतं युजरचं नाव बदलून पुढे दिले जायचे. हे आमचंच.

कुठल्या साइट बघितल्या हे लॅपटॉपवरून पुसून कंपनीपासून लपतं, हा समज मात्र मी तिथल्या तिथे मोडला. आमच्या फायरवॉलमध्ये ऑफिसच्या नेटवरून कुठल्या मशिनने कुठली साइट उघडली याची नोंद असते, आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. क्रोमची हिस्टरी ९० दिवसांची, म्हणजे आमची वही त्याच्या दुप्पट. इनकॉग्निटोने त्यात काही फरक पडत नाही. ती खिडकी उघडल्यावर पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, की तुमच्या मालकाला हे दिसू शकतं. त्या लॉगमध्ये पानातला मजकूर नसतो, साइटचं नाव असतं. मॅडमनी विचारलं, "म्हणजे नोकरीच्या साइट पण?" मी म्हटलं, "मॅडम, नोटीस पिरियड चालू नसताना सुद्धा अर्धं ऑफिस त्या साइटवर असतं. कोण बघत बसतंय!"

दीड तास

जेवण झाल्यावर बसलो. मॅडमच्या डब्यातल्या थालीपिठाचा तुकडा माझ्या हातात, त्यांच्या हातात मोबाईल.

पहिली गोष्ट म्हणजे काही पुसायचं नाही. आधी दोन ढीग, तुमचं आणि कंपनीचं. डाउनलोड्स, पिक्चर्स, डेस्कटॉपचं जे क्लाउडच्या बिनमध्ये होतं ते, सगळं एका जागी आणून मॅडमनी एकेक फाइल सांगितली आणि मी सरकवली. घरचा ढीग चार जीबीच्या आतच भरला. तो पेनड्राइव्हवर द्यायला एचआरची मेलवर परवानगी घेतली, फोल्डरांची यादी साहेबांना पाठवली आणि मगच पोर्ट उघडलं. हे जड वाटतं, पण उद्या कुणी विचारलं 'मॅडमनी काय नेलं', तर उत्तर कागदावर आहे. त्यात संरक्षण मॅडमचंच जास्त.

एका फाइलवर अडलं. बँक रिकन्सिलिएशनची एक एक्सेल, मॅक्रो वगैरे असलेली. मॅडमनी ती आठ वर्षांत वाढवत नेली होती, कित्येकदा रविवारी घरी बसून. बँकेचं स्टेटमेंट चिकटवलं की दोन मिनिटांत न जुळलेल्या नोंदी लाल. "हे माझं आहे," त्या म्हणाल्या, आणि मला ते मनापासून पटत होतं. पण कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ असं म्हणतं, की नोकरीच्या कामात केलेल्या कृतीचा पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचाच, वेगळा करार नसेल तर. रविवार कुणाचा, हा वाद घालता येईलही, पण लॅपटॉप जमा करायच्या आदल्या दिवशी नाही. मी म्हटलं, मॅडम, ही इथेच ठेवा. बनवायची कशी ते तुमच्या डोक्यात आहेच, तिकडे पुन्हा बनवा. त्यांनी फाइल कंपनीच्या ढिगात टाकली. मग पाणी प्यायला म्हणून गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या.

नंतरचं काम मोबाईलवरून झालं, आणि ते तिथूनच करावं. आधी घरचा ढीग पेनड्राइव्हवरून घरच्या फोनवर उघडतोय ना ते पाहिलं. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून हा लॅपटॉप काढला. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथून तो साइन-आउट केला. त्या यादीत मॅडमचा २०२० साली विकलेला फोनही निघाला, तोही काढला. मग लॅपटॉपवर क्रोमचं आख्खं प्रोफाइलच डिलीट केलं. हिस्टरी पुसण्यात आणि प्रोफाइल काढण्यात फरक हा, की प्रोफाइल काढलं तर लॅपटॉपवरचं सगळं जातं आणि खात्यातलं, मोबाईलवरचं शाबूत राहतं. मंगळवारी हीच एक टिचकी पुरली असती. एजमधले पासवर्ड हाताने काढले. बँकेचा आणि मेलचा पासवर्ड मॅडमनी माझ्यासमोर बदलला. माझ्यासमोर म्हणजे मी खिडकीतून बाहेर बघत असताना.

मेलबॉक्सला हात लावला नाही. त्यात मॅडमनी स्वतःलाच पाठवलेले घरचे कागद होते, पण ती पेटी कंपनीची, आणि नोटीस पिरियडमध्ये मेल पुसायला लागलं की साहेबांचा प्रश्न पुन्हा सुरू. नातेवाइकांना आणि बँकेला नवा पत्ता कळवा एवढंच सांगितलं. त्यासाठी त्यांनी जुन्या मेलमधून बावीस पत्ते वहीत उतरवून घेतले, पेनाने.

सगळ्यात शेवटी पुसणं. रिसेंटची यादी, एक्सेलच्या त्या तिसऱ्या ओळीसकट. विंडोज आणि व्ही दाबल्यावर निघणारी क्लिपबोर्डची आठवण. स्क्रीनशॉट्स. घरचा ढीग लॅपटॉपवरून आणि क्लाउडच्या बिनमधूनही. या कामाला दहा मिनिटं लागली.

पस्तीस वेळा

भाच्याचा तो आकडा मला गंमतीचा वाटला. पीटर गटमन यांनी १९९६ साली एक पेपर लिहिला, त्यात त्या काळच्या फिरत्या चकत्यांच्या निरनिराळ्या जाती धरून पस्तीस आवर्तनांची पद्धत होती. ती सगळ्या जातींची मिळून होती, प्रत्येक डिस्कला पस्तीस असं त्यांनी स्वतः कधी म्हटलं नव्हतं. पण आकडा लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच, मंगळाष्टकांसारखा.

मॅडमच्या लॅपटॉपमध्ये फिरती चकती नाहीच, एसएसडी आहे, म्हणजे चिपवरची डिस्क. जुन्या डिस्कवर फाइल डिलीट केली की फक्त अनुक्रमणिकेतली ओळ खोडली जायची आणि मजकूर तसाच राहायचा, म्हणून तो परत काढता यायचा. एसएसडीला विंडोज लगेच कळवतं, की हे कप्पे आता नकोत. मग डिस्क ते आपल्या सवडीने रिकामे करते. याला ट्रिम म्हणतात, विंडोज ७ पासून आहे. शिवाय एसएसडी एकाच जागेवर पुन्हा लिहीत नाही, झीज वाटून घेण्यासाठी जागा बदलत राहते. त्यामुळे वरून पस्तीस वेळा लिहिलं तरी ते त्याच फाइलवर पडेल असं नाही, डिस्क मात्र झिजेल. आमच्या लॅपटॉपना बिटलॉकर आहे, म्हणजे सगळा मजकूर कुलपात. रिसेट करताना किल्ली गेली की आतलं वाचता येत नाही. ते काम माझं, मॅडमचं नाही.

आणि फुकटच्या क्लीनरांबद्दल मला राग आहे तो उगाच नाही. २०१७ साली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीसीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत साइटवरूनच विषारी होऊन बाहेर पडली होती. सुमारे २२ लाख ७० हजार जणांनी ती घेतली. साफ करायला बोलावलेला माणूसच बरोबर चोर घेऊन आला.

शुक्रवारी चार वाजता मॅडमनी लॅपटॉप, चार्जर आणि बॅग दिली. नो-ड्यूजवर मी सही केली. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात त्यांचा लोकलचा जुना पास आणि दोन हॉलची तिकिटं सापडली, ती पळत जाऊन दिली. लॅपटॉप कपाटात महिनाभर तसाच ठेवतो, काही राहिलं असेल तर. मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि डिस्कही साफ करण्याचा पर्याय निवडून रिसेट. त्यानंतरच तो पोराकडे जाईल.

स्कॅन

निघताना मॅडमनी एक सहज विचारलं होतं. "अरे, आपल्या त्या मोठ्या मशिनवर मी आधार, पॅन काय काय स्कॅन केलंय. ते कुठे जातं?"

ते सर्व्हरवरच्या 'स्कॅन' नावाच्या फोल्डरात जातं. तिथून जो तो आपलं उचलतो आणि कॉपी करून नेतो. काढून कुणीच टाकत नाही. मशीन फाइलला नाव देतं ते फक्त तारीख आणि वेळ, त्यामुळे कुठली कुणाची हे उघडल्याशिवाय कळत नाही. आणि फोल्डर सगळ्या ऑफिसला दिसतो.

शनिवारी अर्धा दिवस असतो, तेव्हा उघडून बसलो. सहा वर्षांचे पीडीएफ. मॅडमचं आधार सापडलं, त्यांच्या मिस्टरांचंही. कॅन्सल केलेले चेक, डिस्चार्ज कार्डं, कुणाचे तरी कोर्टाचे कागद, ते अर्ध्या पानावर बंद केले. दुपारी एकच्या सुमाराला २०२१ सालचं एक पॅन कार्ड उघडलं आणि फोटोतला माणूस ओळखीचा वाटला. मीच होतो. दुचाकीच्या कर्जासाठी केलं असणार.

सगळ्यांना मेल टाकला, सोमवारपर्यंत आपापलं उचला. सोमवारी फोल्डर रिकामा केला आणि तीन दिवसांपेक्षा जुनं स्कॅन रोज रात्री आपोआप जाईल असं लावून दिलं. पुढच्याच शुक्रवारी त्या पोराचा फोन. "सर, सोमवारी केलेलं एक इन्व्हॉइस होतं, ते गेलं." मी रात्रीच्या बॅकअपमधून काढून दिलं, पाच मिनिटांचं काम.

काढताना त्याच बॅकअपमध्ये बाकीची सहा वर्षंही दिसली, सोमवारी मी रिकामी केलेली. बॅकअप वर्षभराचा ठेवायचा असा आमचा नियम आहे, मीच लिहिलेला.